तलावाकाठचे गोदाम : स्वस्त जागा महाग कशी पडते?

दुकानात महिन्याचा माल असतो, गोदामात मात्र व्यापाऱ्याची वर्षाची कमाई असते. कापडवाल्याच्या गाठी असोत, कारागिराचे सूत असो की लाकूड-भंगाराचा साठा असो, सगळी पुंजी त्या एका कुलुपाआड असते. म्हणून दुकान घेताना माणूस जितकी चौकशी करतो, त्याच्या दुप्पट चौकशी गोदामाची जागा घेताना करायला हवी. प्रत्यक्षात उलटे घडते. दुकानासाठी वकील गाठला जातो आणि गोदामासाठी दलालाचा शब्द पुरेसा मानला जातो.

आपल्या शहरात (पूर्वीचे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) गुलमंडी, सिटी चौक, शहागंज या भागांत साठवणुकीला जागा उरली नाही. जी आहे तिचे भाडे लहान व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणून आमच्यापैकी अनेकजण शहराच्या कडेला जागा शोधतात. तेथे सर्वांत स्वस्त जागा बहुधा तलावाच्या काठाला, नाल्याच्या वळणाला किंवा सखल रानात मिळते. ती स्वस्त का, हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. या आठवड्याचा धडा याच प्रश्नावर आहे.

हा धडा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी शहराच्या उत्तरेकडे एका तलावाच्या वरच्या अंगाला आम्ही एक तुकडा पाहिला. महिना मे होता. जमीन भेगाळलेली, चार-दोन बाभळी, पाणी दूर कोठेतरी चमकत होते. ट्रक सरळ आत येईल असा रस्ता होता. भाव आजूबाजूच्या जागेच्या निम्मा होता. आम्ही खूश झालो आणि बाँड पेपरवर इसार देऊन मोकळे झालो. ऑगस्टमध्ये मोजणीसाठी गेलो तर आमची खुंटी पाण्यात उभी होती. मग गावचा नकाशा काढला. त्यात तुकड्याच्या मधून नाला दाखवलेला होता आणि निम्मे क्षेत्र पोटखराब्यात होते. विकणाऱ्याने इसार परत केला नाही. आमचे नुकसान इसारापुरतेच राहिले. शेजारच्या तुकड्यावर आमच्याच धंद्यातील एका भावाने आधीच पत्र्याचे गोदाम उभे केले होते. त्याचा माल एका रात्रीत भिजला आणि पुढच्या वर्षी हाती नोटीस आली. माल गेला, गोदाम गेले, आणि देणेकऱ्यांची रांग मात्र राहिली.

पाण्याचा हक्क जुना आहे

काही लोकांना वाटते की तलावापासून अंतर ठेवण्याचे नियम हे अलीकडच्या सरकारी साहेबांनी व्यापाऱ्याला छळण्यासाठी काढले. तसे नाही. आपल्या फिकहमध्ये ‘हरीम’ नावाचा विषय आहे. विहीर, झरा, नहर यांच्याभोवती काही जागा अशी असते की तेथे दुसऱ्याने खोदू नये, बांधू नये आणि पाण्याला बाधा आणू नये. हनफी फिकहच्या ग्रंथांत जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी चाळीस हात आणि झऱ्यासाठी पाचशे हात असे माप येते. म्हणजे पाण्याला स्वतःची जागा असते, ही गोष्ट आपल्या बुजुर्गांना शेकडो वर्षांपूर्वी माहीत होती. आजचा कायदा तेच मीटरमध्ये सांगतो.

आपले शहर तर पाण्याच्या हिशोबावरच वसले आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि जमिनीखालून नहर-ए-अंबरी आणली. दिल्ली गेटजवळचा, हिमायत बागेसमोरचा तलाव मोगल काळात खिज्री तालाब म्हणून ओळखला जाई. आज त्याला पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांचे नाव आहे. हर्सूल तलावाचे पाणी आजही जुन्या शहराच्या काही वस्त्यांना मिळते. या तलावांत गाळ, चिंध्या, रंगाचे पाणी आणि भराव गेला तर त्याचे परिणाम आपल्याच मोहल्ल्याच्या नळाला आणि आपल्याच घरात शिरणाऱ्या पुराला दिसतात.

नियम एक नाही, चार आहेत

“तलावापासून किती फूट सोडायचे?” असा सरळ प्रश्न लोक विचारतात. त्याचे एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जागेवर एकाच वेळी चार प्रकारचे नियम लागू होऊ शकतात आणि चारही पार करावे लागतात.

पहिला नियम विभागाचा, म्हणजे झोनचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली शहराचा विकास आराखडा तयार होतो. त्यात निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती, हरित पट्टा असे विभाग आणि उद्यान, रस्ता, शाळा अशी आरक्षणे असतात. कोणत्या विभागात काय चालते हे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दिले आहे. ही नियमावली डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतेक शहरांना लागू झाली. गोदामाला ‘साठवणुकीची इमारत’ हा वेगळा वर्ग आहे. ती राहत्या घरात धरली जात नाही आणि दुकानातही धरली जात नाही. शेतमालाच्या साठवणुकीला मिळणारी सवलत कापडाच्या गाठींना आपोआप लागू होत नाही. समोरचा रस्ता किती रुंद आहे यावरही परवानगी अवलंबून असते.

येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. या कायद्यात ‘विकास’ म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. वापरात मोठा बदल करणे हाही विकासच आहे. म्हणजे राहण्यासाठी मंजूर झालेल्या घरात तुम्ही एकही वीट न रचता गाठी भरल्या, तरी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. आमच्या अनेक भावांना हे नोटीस आल्यावर कळते.

दुसरा नियम पाण्यापासूनच्या अंतराचा आणि पूररेषेचा. नियमावलीनुसार नदीसारख्या मोठ्या प्रवाहाच्या पाण्याच्या कडेपासून १५ मीटर (सुमारे ४९ फूट) आणि नाला, कालवा अशा लहान प्रवाहापासून त्याहून कमी, पण ठरावीक अंतर, या पट्ट्यातील जागा बांधकामासाठी चालत नाही. हा नियम प्रवाहाचा आहे, पण तलावाकाठी तो विसरून चालत नाही. तलाव नाल्यांनीच भरतो आणि तलावाजवळच्या प्लॉटमधून नाला जाण्याची शक्यता जास्त असते. आमच्या तुकड्यात नेमके तेच होते.

त्यानंतर पूररेषा येते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा लाल. पात्र आणि निळी रेषा यांच्यामध्ये गोदाम बांधता येत नाही. तेथे बाग, वाहनतळ, उघडा भाजीबाजार असे मोजकेच उपयोग चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या भागात बांधकाम मिळू शकते, पण ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंच असावे लागते. मग जोते उंच करण्याचा, भरावाचा आणि ट्रकच्या चढणीचा खर्च जागेच्या भावात मिळवा आणि त्यानंतर जागा स्वस्त पडते का ते पाहा.

तिसरा नियम पाणथळ जागांचा. केंद्र सरकारचे पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१७ मध्ये आले. जी पाणथळ जागा या नियमांखाली येते, तेथे अतिक्रमण, नवा कारखाना, घातक मालाचा साठा, कचरा टाकणे या गोष्टींना बंदी आहे. शिवाय गेल्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूर पातळीपासून ५० मीटरच्या आत (सुमारे १६४ फूट) होडीचा धक्का सोडून कोणतेही पक्के बांधकाम करता येत नाही. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर आणि नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत गेलेल्या जागा आहेत. पण बंधन तेवढ्यापुरतेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशातील २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या, नकाशावर नोंदलेल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना याच तत्त्वांचे संरक्षण दिले.

यावर दलाल एक पळवाट सांगतो. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले तलाव या नियमांच्या व्याख्येतून वगळले आहेत, हे खरे आहे. पण त्यामुळे जागा मोकळी होत नाही. तेथे आराखड्याचा विभाग, पूररेषा, पाटबंधारे खात्याची किंवा महापालिकेची संपादित हद्द हे सर्व कायम राहते. एक दार उघडे दिसले म्हणून चारही दारे उघडी आहेत असे समजू नये.

पैठणच्या बाजूला जागा पाहणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. नाथसागर परिसर १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे आणि २०१७ मध्ये त्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. धरणाचे पाणी उतरल्यावर जी गाळपेर जमीन उघडी पडते, ती पिकासाठी तात्पुरती दिली जाते. तिच्यावर पक्के गोदाम बांधण्याचा हक्क कोणी विकू शकत नाही, कारण तो विकणाऱ्याकडेच नसतो.

चौथा नियम आगीचा आणि परवान्याचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा साठवणुकीच्या इमारतींनाही लागू होतो. ज्या इमारतीला तो लागू आहे, तेथे परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, प्रमाणपत्र द्यावे लागते. जळाऊ व धोक्याच्या मालाच्या साठ्याला महापालिकेचा वेगळा परवाना लागतो. जागाच नियमात नसेल तर हे परवाने मिळणे कठीण होते. आग लागली तर विमा असूनही कंपनी पहिला कागद मंजुरीचा मागते.

मोजायचे कोठून?

लोक पाण्याच्या आजच्या कडेपासून टेप लावतात. ही पहिली चूक आहे. तलावाची कड महिन्यागणिक बदलते. मे महिन्यात ती शंभर पावले मागे असते आणि सप्टेंबरमध्ये तुमच्या दारात येते. म्हणून कायद्यात अंतर मोजण्यासाठी पूर पातळी, पूररेषा किंवा तलाव पूर्ण भरल्यावरची संचय पातळी धरतात.

हैदराबादशी आपले जुने नाते आहे, म्हणून तेथील उदाहरण घ्या. तेथे १० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तलावाच्या पूर्ण संचय पातळीपासून ३० मीटर जागा मोकळी सोडावी लागते. २०२४ मध्ये तेथे ‘हायड्रा’ नावाची नवी सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तम्मिडीकुंटा तलावाच्या काठचे एक मोठे, गाजलेले सभागृह तिने पाडले. मालक नामांकित होता, तरी बांधकाम वाचले नाही.

बेंगळुरूचे उदाहरण वेगळे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये तेथील तलावांभोवती ७५ मीटर अंतर ठरवले. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि शहराच्या मंजूर आराखड्यातील अंतर कायम ठेवले. यातून व्यापाऱ्याने घ्यायची गोष्ट अशी की, अंतराचा आकडा शहरागणिक वेगळा असतो आणि तो त्या शहराच्या आराखड्यात व नियमावलीत शोधायचा असतो. हैदराबादच्या मेहुण्याने सांगितलेले फूट आपल्या शहरात लागू होत नाहीत.

आणि हे अंतर कशासाठी, हे नागपूरने दाखवले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने वाट सोडली. सीताबर्डी परिसरातील दुकानांत पाणी शिरले. माणसे दगावली. तळघरात माल ठेवणाऱ्यांना तो बाहेर काढण्याची उसंतही मिळाली नाही. पाणी नोटीस देत नाही.

न्यायालय काय म्हणते?

आमच्या बाजारात एक समज पक्का आहे : “एकदा बांधून टाका, मग दंड भरून नियमित करून घेऊ.” इतर ठिकाणी कधी हे जमलेही असेल. पाण्याच्या काठी मात्र हा जुगार आहे.

२००१ मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गावचे तळे ही समाजाची संपत्ती आहे, ते घरांसाठी वाटून देता येत नाही. जानेवारी २०११ मध्ये पंजाबमधील रोहर जागीर गावच्या तळ्याच्या प्रकरणात, म्हणजे जगपाल सिंग खटल्यात, न्यायालय आणखी पुढे गेले. खूप वर्षे ताबा आहे, घर बांधायला पुष्कळ पैसा लागला आहे, वजन आहे, या कारणांनी असा कब्जा नियमित होणार नाही, असे त्यात ठरले.

आता १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाकडे या. बुलडोझरच्या कारवायांबद्दलचा हा निकाल आपल्या समाजात पुष्कळ चर्चिला गेला आणि लोकांना दिलासा मिळाला. पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, समक्ष सुनावणी, कारणांसह आदेश आणि त्यानंतर पुन्हा १५ दिवसांचा अवधी, असे बंधन न्यायालयाने प्रशासनावर घातले. पण अनेकांनी निकाल अर्धाच ऐकला. त्याच निकालात लिहिले आहे की रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणचे अनधिकृत बांधकाम असेल, किंवा पाडण्याचा आदेश न्यायालयानेच दिला असेल, तर हे संरक्षण लागू नाही.

भावांनो, या एका वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. शहराच्या मध्यभागी तुमच्या दुकानाचे छज्जे थोडे पुढे आले असतील तर कायदा तुम्हाला बोलायला वेळ देतो. जलाशयात गेलेल्या गोदामाला तोच कायदा तेवढा वेळ देत नाही. जेथे तुमची पुंजी सर्वांत जास्त, तेथे तुमची ढाल सर्वांत पातळ. अन्याय होतो तेव्हा दाद मागायला आपल्या हातात कागद हवा. कागद कमकुवत असेल तर खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

पुढच्याच महिन्यात, १७ डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने बँकांनाही सांगितले की इमारतीचे पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यावरच तिच्यावर कर्ज द्यावे. म्हणजे बिनामंजुरीचे गोदाम पडले नाही तरी तारण म्हणून त्याची किंमत उरत नाही.

जागा घेण्यापूर्वी काय पाहावे?

खालील गोष्टी इसार देण्याच्या आधी कराव्यात. इसार दिल्यानंतर चौकशी करणे म्हणजे निकाहनंतर मुलाची चौकशी करण्यासारखे आहे.

१. नियोजन प्राधिकरण कोणते ते आधी ठरवा. जागा महापालिकेच्या हद्दीत आहे, एमआयडीसीत आहे की महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात आहे? ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला ही बांधकाम परवानगी नव्हे. कापडाचा व्यापार करणाऱ्याला भिवंडी माहीतच आहे. तेथे आजूबाजूच्या गावांत गोदामे आधी उभी राहिली आणि २००७ मध्ये एमएमआरडीए त्या क्षेत्राचे नियोजन प्राधिकरण झाले. बिनामंजुरीच्या गोदामांचा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

२. झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा घ्या. हे नगररचना विभागातून मिळतात. आपल्या शहराचा नवा प्रारूप विकास आराखडा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे जुन्या दाखल्याची झेरॉक्स कोणी दाखवली तर तारीख पाहा आणि स्वतःच्या नावाने नवा दाखला काढा.

३. सातबारा आणि फेरफार वाचा. विशेषतः पोटखराब्याचा रकाना पाहा. पोटखराबा ‘अ’ म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. पोटखराबा ‘ब’ म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली किंवा रस्ता, ओढा, तळे यांखालील जमीन. ‘ब’ दिसला की थांबा. जुन्या शहरात सातबाऱ्याऐवजी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असते.

४. गाव नकाशा आणि गट नकाशा काढा, सरकारी मोजणी करून घ्या. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची ‘क’ प्रत हाती येईपर्यंत व्यवहार पुढे नेऊ नका. जमिनीवर नाला बुजवला असला तरी नकाशावर तो जिवंत असतो.

५. पूररेषा आणि तलावाची पूर्ण संचय पातळी यांची लेखी माहिती जलसंपदा विभागाकडे किंवा तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे मागा. तोंडी उत्तर मिळाले तर माहितीच्या अधिकाराखाली (२००५ चा कायदा) दहा रुपये फी भरून अर्ज करा. त्यावर ३० दिवसांत उत्तर देण्याचे बंधन आहे.

६. गुंठेवारीच्या जागेत दुप्पट काळजी घ्या. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. पण विकणाऱ्याने “फाईल टाकली आहे” असे म्हणणे आणि मंजुरीचा कागद हाती असणे यांत फार अंतर आहे. अर्ज म्हणजे मंजुरी नव्हे.

७. शेवटची गोष्ट सरकारी नाही, पण आमच्या मते सर्वांत खरी आहे. जागा एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसानंतर पाहा. शेजारच्या शेतकऱ्याला आणि मेंढपाळाला विचारा की पाणी कोठवर येते. त्यांना काही विकायचे नसते, म्हणून ते खरे सांगतात.

भाड्याने गोदाम घेणाऱ्यांसाठी

आपल्यातील बहुतेक लहान व्यापारी आणि कारागीर भाड्याचे गोदाम वापरतात. ते म्हणतात, नियम पाहणे हे मालकाचे काम आहे. पण पाडकाम झाले तर मालकाच्या भिंती जातात आणि भाडेकरूचा माल जातो. मालकाकडे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. ती देत नसेल तर कारण समजून घ्या. करारनामा लेखी करून नोंदवून घ्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ते बंधनकारकच आहे. करारात असे कलम घाला की इमारत अनधिकृत ठरून रिकामी करावी लागली तर मालक अनामत लगेच परत देईल आणि आलेली प्रत्येक नोटीस त्याच दिवशी भाडेकरूला कळवेल. सखल भागातील गोदामात पहिली रास जमिनीवर न ठेवता उंच फळ्यांवर ठेवा. खर्च थोडा होतो, पण गाठी वाचतात.

गोदाम आधीच बांधले असेल तर?

घाबरून गप्प बसू नका आणि दलालाच्या “सेटिंग”वर पैसे घालू नका. आधी वर सांगितलेले कागद काढून आपले गोदाम रेषेच्या आत आहे की बाहेर हे स्वतः जाणून घ्या. बाहेर असेल आणि विभागाप्रमाणे गोदाम चालत असेल, तर नगररचना कायद्याच्या कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज परवानाधारक अभियंत्यामार्फत करा. अर्ज फेटाळला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते.

नोटीस आली तर ती घ्या. नाकारू नका. पाकीट जपून ठेवा, मिळाल्याची तारीख लिहा, दिलेल्या मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. त्याच मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगी मागण्याची तरतूद कायद्यात आहे. परवानगीशिवाय विकास केल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षाही त्याच कायद्यात आहे, म्हणून नोटिशीकडे दुर्लक्ष हा पर्याय नाही.

आणि गोदाम खरोखरच तलावाच्या हद्दीत किंवा निळ्या रेषेच्या आत असेल तर कटू सल्ला ऐका. तेथे आणखी एक पैसाही घालू नका. पावसाळ्यापूर्वी माल हलवा. पत्रे, लोखंड, कैच्या स्वतः उतरवून घ्या. ते दुसरीकडे कामी येतील. चार-सहा व्यापाऱ्यांनी मिळून औद्योगिक विभागात एक नियमित गोदाम भागीत घेतले तर प्रत्येकाचा भार हलका होतो. आमच्या त्या शेजारच्या भावाने शेवटी हेच केले. आम्हीही त्या गोदामात एक भाग घेतला. भाडे जास्त आहे, पण पाऊस सुरू झाला की रात्री उठून आभाळाकडे पाहावे लागत नाही.

नवा आराखडा किंवा त्यात फेरबदल प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. आपले व्यापारी तेव्हा दुकानात बसून राहतात आणि नंतर तक्रार करतात. दाट वस्तीजवळ कायदेशीर गोदामांसाठी जागा ठेवा, ही मागणी त्या मुदतीत लेखी केली पाहिजे. मोहल्ल्यातील दोन शिकलेल्या मुलांना नकाशा वाचायला बसवले तरी हे काम होते.

हलाल रोजी म्हणजे केवळ माप-तोल खरा ठेवणे नव्हे. ज्या जागेवर माल ठेवतो ती जागा आपली आहे का, की पाण्याची आणि सर्वांची आहे, हेही त्यात येते. जागा घाईने घेऊ नका, आधी कागद पाहा. अल्लाह सर्वांच्या व्यापारात बरकत देवो आणि आपल्या मालाची हिफाजत करो. आमीन.